सहा महिने कुठल्या दिवसापासून मोजायचे?

पत्र : ताई, आम्ही बडोद्याचे. पूर्वी दांडिया बाजारात होतो, चार वर्षांपासून मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहतो. या ऑगस्टात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. लेक-जावई सिॲटलला आहेत. जावई तिकडचे नागरिक झालेत, लेकीकडे ग्रीन कार्ड आहे, सात वर्षांचा नातू तिथलाच. त्यांनी आम्हाला धरून पाचजणांचं अलास्काच्या क्रूझचं बुकिंग केलंय. २२ ऑगस्टला सिॲटलहून निघायचं, २९ ला परत सिॲटल. आम्ही १० जूनला इथून जाणार आणि नोव्हेंबरअखेर परतणार.

अडचण माझ्या पासपोर्टची आहे. त्याची मुदत येत्या ९ जानेवारीला संपते. यजमानांनी त्यांचा दोन वर्षांपूर्वी नवा करून घेतला. अमेरिकेचा व्हिसा दोघांचा आहे. माझा याच पासपोर्टात आहे आणि त्याला अजून चार वर्षं आहेत. यजमान म्हणतात, परत आल्यावरही महिनाभराच्या वर मुदत उरतेय, आत्ता नवा काढला तर नऊ महिने फुकट जातील. जावई म्हणतात, "आई, या क्रूझला पासपोर्ट लागतच नाही, माझ्या ऑफिसातला एकजण नुसत्या जन्मदाखल्यावर जाऊन आला." लेक म्हणते, काही लागलंच तर इकडे आल्यावर करू. रावपुऱ्यातले आमचे तिकीटवाले म्हणतात सहा महिने पाहिजेतच, पण कुठल्या दिवसापासून ते त्यांना सांगता आलं नाही. आणि नवा काढला तर अमेरिकेचा व्हिसा जाईल ही माझी स्वतःची धास्ती. कुणाचं ऐकू?
– मांजलपूरची एक आजी

काकू, नमस्कार. तुम्हा दोघांना चाळीस वर्षांच्या मनापासून शुभेच्छा, आणि लगेच उत्तर. नवा पासपोर्ट काढा. याच आठवड्यात अर्ज भरा. अमेरिकेचा व्हिसा जाणार नाही. आणि तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही असं एक मोठं काम तुमच्यापुढे आहे : कॅनडाचा व्हिसा. तो तुम्हालाही लागेल आणि काकांनाही, त्यांचा पासपोर्ट नवाकोरा असला तरी. मी घाई करतेय ती त्यासाठी.

आधी सहा महिन्यांचा हिशेब करू. भिंतीवरचं कॅलेंडर काढून घ्या. आत्ता एप्रिल चालू आहे, म्हणून काकांना ९ जानेवारी लांब वाटते. नऊ महिने आहेत, वाटणारच. पण तुम्ही विमानात बसाल त्या १० जूनला सात महिनेही पुरते उरणार नाहीत. जहाजावर चढाल तेव्हा साडेचार राहतील. आणि जहाजावरून उतराल त्या २९ ऑगस्टला उरतील चार महिने अकरा दिवस. बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्या सहा महिने मोजतात ते या शेवटच्या दिवसापासून, प्रवास संपतो तिथून. म्हणजे तुमच्या पासपोर्टावर निदान फेब्रुवारीअखेरची तारीख हवी. तुम्ही पन्नास दिवसांनी कमी पडता.

काका म्हणतील, ही तर मुदतीच्या आत परत येतेय, मग पुढचे सहा महिने त्यांना कशाला पाहिजेत? प्रश्न रास्त आहे. जहाज ज्या ज्या देशाच्या बंदराला लागतं, त्या देशाला एकच काळजी असते. हा पाहुणा आजारी पडून इथल्या हॉस्पिटलात राहिला, वादळाने जहाज अडकलं, आणि तेवढ्यात याचा पासपोर्ट संपला, तर याला परत पाठवायचं कसं? अशा माणसाला घेऊन आलेल्या कंपनीलाच मग दंड भरावा लागतो, परत न्यायचा खर्चही तिच्याच गळ्यात पडतो. त्यामुळे एखाद्या देशाचा कायदा सैल असला तरी कंपनी आपल्यापुरता नियम घट्ट ठेवते. आणि बंदरावरच्या काउंटरवर तुमच्यापुढे उभी असते ती कंपनी.

तिथे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी आम्ही घरातली नऊ माणसं सिंगापूरच्या क्रूझला निघालो होतो. मुंबईच्या विमानतळावर रात्री दीड वाजता चेक-इनच्या काउंटरवर माझ्या मावशीचा पासपोर्ट त्या मुलीने हातात घेतला, शेवटचं पान उलटलं, परत पहिल्या पानावर आली, आणि मग अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. मावशीच्या पासपोर्टात पाच महिने आणि वीस दिवस होते. सिंगापूरला सहा महिने लागतात. दहा दिवस कमी. ज्यांच्याकडून सहल घेतली होती त्यांनी पासपोर्ट 'चालू आहे' एवढंच बघितलं होतं, आणि आम्हीही. मावशीची बॅग पट्ट्यावरून खाली काढली. तिने आतून लाडवांचा डबा काढून माझ्या हातात दिला, म्हणाली, जहाजावर पोरांना दे. माझा भाऊ तिच्यासोबत मागे राहिला. आम्ही सात जण गेलो. त्या सहलीचे फोटो आमच्याकडे कुणी काढून बघत नाही. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

आता जावईबापूंचं. ते खोटं बोलत नाहीत, काकू. त्यांच्या ऑफिसातला माणूस खरंच जन्मदाखल्यावर जाऊन आला असेल. अमेरिकेत जून २००९ पासून असा नियम आहे की क्रूझ अमेरिकेच्या एका बंदरातून निघून त्याच बंदरात परत येणार असेल, तर अमेरिकन नागरिकाला जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र यावर जाता येतं. सोळा वर्षांखालच्या मुलाला तर नुसता जन्मदाखला पुरतो. सिॲटल ते सिॲटल ही तशीच फेरी आहे. पण ही सवलत अमेरिकन नागरिकांसाठी आहे. ती जहाजाला मिळालेली नाही.

तुमच्या घरातल्या पाचजणांकडे नीट बघा. नातू आणि जावई अमेरिकन नागरिक, त्यांना ही सवलत लागू, फक्त जावयांना जन्मदाखल्याऐवजी नागरिकत्वाचा दाखला लागेल. लेक ग्रीन कार्डवाली, तिला भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही जवळ ठेवावं लागेल. कॅनडाने २६ एप्रिल २०२२ पासून ग्रीन कार्डवाल्यांना पासपोर्टही सक्तीचा केलाय. तिला कॅनडाचा व्हिसा मात्र लागणार नाही. आणि तुम्ही दोघं भारतीय पासपोर्टवरचे पाहुणे. तुम्हाला पासपोर्ट, अमेरिकेचा व्हिसा आणि कॅनडाचा व्हिसा असं तिन्ही लागेल. एकच जहाज, एकाच टेबलावर जेवायला बसणारी पाच माणसं, आणि नियम तीन तऱ्हेचे. परदेशात स्थिरावलेली आपली मुलं इथे नेहमी चुकतात, कारण त्यांना स्वतःच्या कागदांची इतकी सवय झालेली असते की आई-बाबांचे कागद वेगळे आहेत हे त्यांच्या लक्षातून जातं. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नको. पण कागदाच्या बाबतीत त्यांचा अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही.

जावईबापूंना माझा एक निरोप द्या : नियमाने चालत असलं तरी नातवाचा आणि स्वतःचा पासपोर्ट बरोबर ठेवा. वाटेत कुणाला बरं नसलं आणि कॅनडात उतरून विमानाने परत यावं लागलं, तर जन्मदाखल्यावर विमानात चढता येत नाही. लहान मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि नातू सातचा आहे, तेव्हा त्याचीही तारीख एकदा बघायला सांगा.

आता कॅनडा मध्ये कुठून आला? अलास्का तर अमेरिकेतच. याचं कारण १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा. परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या बंदरांमधून प्रवासी घेऊन फिरणार असेल तर त्याने मध्ये एखाद्या परदेशी बंदराला लागलंच पाहिजे, असं तो सांगतो. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांत नोंदवलेली असतात. म्हणून सिॲटलहून अलास्काला जाणारं जहाज कॅनडाच्या एखाद्या बंदराला लागतं, बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर व्हिक्टोरियाला. कित्येकदा संध्याकाळचे चारपाच तास. जाहिरातीत हिमनद्या असतात, व्हिक्टोरिया कोपऱ्यात बारीक अक्षरात. लेकीला सांगून रोजचं वेळापत्रक मागवा आणि त्यात कुठली कुठली बंदरं आहेत ती एकेक वाचा.

'आम्ही तिथे उतरणारच नाही, खोलीत बसून राहू' असं म्हणून भागत नाही. जहाज कॅनडाच्या बंदरात शिरतं, म्हणजे तुम्हीही शिरता. सिॲटलला चढतानाच कंपनी तुमच्या हातात कॅनडाचा व्हिसा मागेल. नसला तर चढू देणार नाही, आणि पैसेही परत मिळत नाहीत. भारतीयांना कॅनडासाठी नुसती ऑनलाइन परवानगी चालत नाही, व्हिसाच लागतो, अमेरिकेचा व्हिसा असला तरी.

आणि इथे तुमच्या पासपोर्टचा धागा परत येतो. कॅनडाचा व्हिसा पासपोर्टाच्या मुदतीच्या पुढे जात नाही. जुन्या पासपोर्टावर अर्ज केलात तर व्हिसा जानेवारीच्या आतला मिळेल आणि लगेच संपेल. नव्यावर केलात तर कदाचित पुढच्या खेपेलाही उपयोगी पडेल. त्यामुळे क्रम असा : आधी तुमचा पासपोर्ट, मग दोघांचा कॅनडाचा अर्ज. काकांचा अर्ज आधी भरता येईल, पण दोघांचा एकत्र गेलेला बरा, कारणं आणि कागद सारखेच आहेत. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, आणि बोटांचे ठसे नि फोटो यांचे ८५ वेगळे. ठसे १४ ते ७९ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना द्यावे लागतात, तुम्हाला जवळचं केंद्र अहमदाबादला आहे. एकदा दिलेले ठसे दहा वर्षं चालतात. अर्जाला क्रूझच्या बुकिंगची प्रत, अमेरिकेच्या व्हिसाची प्रत, काकांच्या पेन्शनचे आणि बँकेचे कागद, लेकीचं पत्र जोडा. निकालाला आठवडे लागतात, म्हणून जूनच्या आत हे उरकायचं तर पासपोर्ट एप्रिलमध्येच सुटला पाहिजे. अगदीच जमलं नाही तर कॅनडाचा अर्ज अमेरिकेत पोचल्यावर तिथूनही करता येतो. पण तो दुसरा पर्याय म्हणून मनात ठेवा, त्याच्या भरवशावर राहू नका.

काकांना मी वाया जाणाऱ्या नऊ महिन्यांचा हिशेब करून देते. ३६ पानांच्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. तो दहा वर्षं, म्हणजे १२० महिने चालतो. महिन्याला साडेबारा रुपये पडले. नऊ महिन्यांचे झाले ११२ रुपये ५० पैसे. एवढंच नुकसान आहे. जुन्यातले उरलेले महिने नव्यात मिळवून देत नाहीत हे काकांचं खरं, नवा पासपोर्ट त्याच्या तारखेपासून दहा वर्षांचा. पण मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून अर्ज करायला सरकारनेच मुभा दिलीय, ती याच कारणासाठी. शेवटच्या वर्षात पासपोर्ट नावाला चालू असतो, प्रवासाला अर्धाच.

अर्ज कसा करायचा ते तुम्हाला कुणीतरी सांगेलच, तरी तुमच्या बाबतीत अडणाऱ्या जागा तेवढ्या सांगते. पासपोर्टच्या वेबसाइटवर 'रीइश्यू' निवडायचं, नवीन अर्ज नाही. कारण म्हणून मुदत संपत आलीय हे निवडा. आणि पत्ता बदललाय, तेही तिथेच नोंदवा. तुमच्या जुन्या पासपोर्टावर दांडिया बाजारचा पत्ता असणार. 'पत्ता नंतर बघू' असं करू नका, कारण नवा पासपोर्ट स्पीड पोस्टाने तुमच्या अर्जातल्या पत्त्यावरच येतो आणि पोस्टमन ज्याच्या नावाचा त्याच्याच हातात देतो. आधार कार्डावर मांजलपूरचा पत्ता चढवलेला आहे ना, हे आज रात्रीच बघा. नसेल तर आधी ते. पत्ता बदलल्यामुळे पोलीस चौकशी निघण्याची शक्यता धरून चाला. शिपाई घरी येईल किंवा ठाण्यात बोलावतील. त्या दिवसांत मुंबईला बहिणीकडे वगैरे जाऊ नका.

बडोद्याला पासपोर्ट सेवा केंद्र आहे, अहमदाबादच्या पासपोर्ट कार्यालयाच्या हाताखालचं, त्यामुळे लांब जायला नको. आत ए, बी, सी अशा तीन काउंटरांतून जावं लागतं : पहिल्यावर कागद स्कॅन होतात, ठसे आणि फोटो तिथेच घेतात, म्हणून स्टुडिओत फोटो काढायचे पैसे वाचवा. दुसऱ्यावर कागद तपासतात, तिसऱ्यावर मंजुरी. अस्सल कागद, एकेक झेरॉक्स, जुना पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानांची झेरॉक्स एवढं न्या. अपॉइंटमेंटची तारीख आठ-दहा दिवसांतली मिळाली तर साधा अर्जच ठीक. महिन्याने मिळत असेल तर तत्काळ करा, २,००० रुपये जास्त लागतात. इतक्या मोठ्या सहलीत ते देण्यासारखे आहेत असं मला वाटतं.

आता तुमची स्वतःची धास्ती, व्हिसा. नवा पासपोर्ट दिला की जुन्यावर रद्द झाल्याचा शिक्का मारतात, कोपरा कापतात आणि तो तुम्हाला परत देतात. तो परत मिळतोच, कारण आत चालू व्हिसा आहे. पासपोर्ट रद्द होतो, आतला व्हिसा रद्द होत नाही. अमेरिकेच्या विमानतळावर अधिकारी नव्या पासपोर्टावर तुमचं नाव आणि मुदत बघतो आणि जुन्यात व्हिसा बघतो. हे तिथे रोज चालतं, कुणी भुवया उंचावत नाही. फक्त केंद्रात तिसऱ्या काउंटरवर एकदा तोंडाने सांगा : यात अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, त्या पानाला कात्री लागू देऊ नका. आणि घरी आल्यावर व्हिसाचं पान जुन्यातून फाडून नव्यात चिकटवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तसं करणाऱ्यांचा व्हिसा खरंच जातो.

लेक म्हणते इकडे आल्यावर करू. करता येतं, सिॲटलला आता आपला वाणिज्य दूतावास आहे, २०२३ च्या अखेरीस सुरू झाला. पण काकू, १० जून ते २२ ऑगस्ट म्हणजे दहा आठवडे. तेवढ्यात पासपोर्ट टपालाने जाणार, नवा येणार, मग तोच पासपोर्ट कॅनडाच्या व्हिसासाठी परत टपालात. त्या सगळ्या काळात तुम्ही परक्या देशात पासपोर्टाशिवाय, आणि लेक ऑफिसातून ट्रॅकिंग नंबर बघत बसणार. बडोद्यात हेच काम रिक्षाने जाऊन होतंय.

जावयांच्या मित्रांपैकी एखादा चतुर माणूस आणखी एक मुद्दा काढेल, तोही ऐकून ठेवा. अमेरिकेचा काही देशांशी करार आहे आणि त्यात भारत आहे. त्यानुसार अमेरिकेत शिरताना सहा महिने जादा असावेच लागतात असं नाही, मुक्कामापुरती मुदत चालते. हे बरोबर आहे. पण तो करार अमेरिकेच्या दाराशी कामाला येतो. क्रूझ कंपनीचा काउंटर त्याने बांधलेला नाही.

नवा पासपोर्ट हातात आला की जावयांना आणखी एक काम आहे, आणि हे त्यांनी स्वतः न करता फोनवर तुमच्यासोबत बसून करावं. क्रूझच्या ऑनलाइन चेक-इनमध्ये पासपोर्टचा नंबर, दिलेल्याची तारीख, संपण्याची तारीख भरावी लागते. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. तुमच्या सध्याच्या पासपोर्टावर ०९/०१ अशी तारीख आहे. आपण वाचतो ९ जानेवारी. जावई सवयीने वाचतील १ सप्टेंबर. जन्मतारखेचंही तेच. त्यामुळे तुम्ही मराठीत मोठ्याने सांगा, 'जानेवारीची नऊ', आणि त्यांनी महिन्याचं नाव निवडून भरावी.

नावाचंही असंच. आपल्याकडे बायकांच्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं अशी दोन नावं असतात, आडनाव वरच्या रकान्यात वेगळं. मुलं बुकिंग करताना फक्त आईचं नाव आणि आडनाव टाकतात, कधी माहेरचं लाडकं नावसुद्धा. पासपोर्टात जे दोन रकान्यांत आहे ते अक्षर न् अक्षर तसंच बुकिंगमध्ये यायला हवं, विमानाच्या तिकिटावरही आणि प्रवास विम्यावरही. जुना नंबर जिथे जिथे दिलाय तिथे नवा कळवायचा. विम्याचं बहुतेक जण विसरतात.

याच विषयावर आणखी तिघांनी थोडक्यात विचारलंय, त्यांना इथेच सांगते. अलकापुरीच्या वाचकांना सिंगापूरहून क्रूझ आहे : सहा महिने लागतातच, आणि सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक वेळा आत येता येईल असा घ्या, कारण जहाज बाहेरच्या बंदरांना जाऊन परत सिंगापूरलाच येणार. एकदाच्या प्रवेशाचा व्हिसा पहिल्याच दिवशी खर्च होतो. कारेलीबागेतल्या दांपत्याची भूमध्य समुद्रातली क्रूझ आहे, तिथे शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम निराळा : पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, शेंगेन देशांतून बाहेर पडायच्या तारखेपुढे तीन महिने मुदत हवी आणि दोन पानं कोरी हवीत. पण कंपनी सहा महिने मागत असेल तर सहाच धरा. मध्ये जहाज तुर्कस्तानला जात असेल तर शेंगेनचा व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, आणि तुर्कस्तानचा वेगळा लागतो का ते कंपनीला विचारा. तिसरं पत्र मुंबई-गोवा क्रूझचं : तिथे भारतीयांना पासपोर्ट लागत नाही, आधारसारखं फोटो ओळखपत्र चालतं. नातवंडं बरोबर असतील तर त्यांच्या पासपोर्टच्या तारखा आधी बघा, मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो आणि घरात सगळ्यात आधी तोच संपतो.

काकू, तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर पेन्सिलीने एक विचारलंय, की जुना पासपोर्ट मोठ्या बॅगेत तळाशी ठेवला तर सुरक्षित राहील का. नका ठेवू. बंदरावर पोचलात की हमाल मोठ्या बॅगा दारातच ताब्यात घेतात आणि त्या थेट तुमच्या खोलीशी येतात, कधी कधी जेवणाची वेळ झाल्यावर. मधल्या सगळ्या रांगांत पासपोर्ट हातात लागतो. नवा वर, जुना खाली, दोघांना मिळून एक रबरबँड, आणि ते खांद्याला अडकवायच्या पर्समध्ये, औषधांच्या डबीशेजारी. जहाजावर चढताना कधी पासपोर्ट काढून घेऊन ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण दोन्हींच्या सगळ्या भरलेल्या पानांची एक झेरॉक्स काकांच्या पर्सपाकिटात आणि एक मोबाइलमध्ये असू द्या. अर्जाची अपॉइंटमेंट मिळाली की तारीख मला कळवा.